हरलेल्यांतली पहिली

आमच्या मॉरिशसमध्ये निवडणूक हरूनही संसदेत बसता येतं. मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे हे ऐकून हसतात आणि म्हणतात, "आमच्याकडेही हरलेले लोक मागच्या दाराने येतातच की!" मग त्यांना खाली बसवून, चहा देऊन मला समजावून सांगावं लागतं, की आमचं दार मागचं नाही. ते चांगलं घटनेत लिहून ठेवलेलं पुढचं दार आहे.

बेट वीस मतदारसंघांत वाटलेलं आहे. प्रत्येकातून तिघे निवडून जातात, म्हणून प्रत्येक मतदाराला तीन मतं. तीनच द्यायची, दोन दिली तर मतपत्रिका बाद. समुद्रापलीकडच्या रॉड्रिग्ज बेटावरून आणखी दोघे येतात. झाले बासष्ट. आता आमच्या पूर्वजांना वाटली भीती, की मोठा समाज सगळं ताट ओढून घेईल आणि लहान समाज उपाशी राहतील. म्हणून त्यांनी घटनेत चार समाज लिहिले: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि या तिघांत न बसणारे सगळे ते ‘सर्वसाधारण’. शिवाय आठ खुर्च्या बाजूला काढून ठेवल्या. निकाल लागला की ज्या समाजाला त्याच्या संख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या असतील, त्या समाजाच्या हरलेल्या उमेदवारांत जो पहिला असेल त्याला बोलावून खुर्ची द्यायची. पहिल्या चार देताना पक्ष बघत नाहीत, पुढच्या चार देताना पक्षांचं पारडंही सांभाळतात. एकूण सत्तर. समाजांची मोजणी मात्र १९७२ नंतर कुणी केलीच नाही. म्हणजे माझ्या जन्माआधीच्या शिरगणतीवर आज माझी नातवंडं मोजली जातात.

उमेदवाराला अर्जावर आपला समाज लिहावा लागतो. कुणी खोटा लिहिला अशी हरकत आली, तर न्यायाधीशांनी त्या माणसाची ‘जीवनपद्धती’ पाहून ठरवायचं. हा घटनेतलाच शब्द. पण जीवनपद्धती पाहायची म्हणजे काय पाहायचं? देव्हारा की ताट? लग्नाला कोण भटजी होता ते, की मेल्यावर कुठे पुरतात ते? पिढ्यान् पिढ्या या प्रश्नावर वकिलांची पोटं भरली.

तेवढ्यात मी माझं यंत्र घेऊन पुढे झालो.

माझं नाव हेमराज गुणाजी. आम्ही कास्काव्हेल गावचे मराठी. पणजोबांचे आजोबा रत्नागिरीहून उसाच्या मळ्यात राबायला आले, त्यांचं नाव आमचं आडनाव झालं. मी आवाजाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ. माणसाच्या आवाजात त्याच्या आईच्या बोलण्याची लय शेवटपर्यंत राहते, हे मी मोजून दाखवलं. त्यात जादू काही नाही. पोटातल्या बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत ऐकू येतं. शब्द येत नाहीत, ते आईच्या अंगातच विरून जातात. येतो तो चढउतार: वाक्य कुठे उचललं, कुठे सोडलं, श्वास कुठे घेतला. जन्मलेल्या बाळाच्या रडण्यातसुद्धा तो चढउतार असतो, हे जुन्या संशोधकांनीच नोंदवून ठेवलं होतं. मी एवढंच शोधलं, की साठ वर्षांच्या माणसाच्या हुंकारातही तो सापडतो. शब्द शिकता येतात, उच्चार बदलता येतात. तोंड मिटून "हं" करताना मात्र कुणालाच सोंग आणता येत नाही.

यंत्राला शिकवण्यासाठी बेटावरच्या चारशे बारा माणसांचे आवाज मी गोळा केले आणि चार पेट्यांत ठेवले. पेट्या म्हणजे संगणकातले कप्पे. पण आम्ही पेट्याच म्हणायचो. या पेटीतले हिंदू घरांतले, त्या पेटीतले मुसलमान घरांतले, असं एकेका आवाजावर माणूस शिक्का मारतो. मग यंत्र प्रत्येक पेटीची खूण स्वतःच शोधून काढतं आणि नवा आवाज आला की तो कुठल्या पेटीच्या जवळचा ते सांगतं. त्याचं नाव ठेवलं ‘मूळस्वर’. सहा वर्षांपूर्वी कायद्यात दुरुस्ती झाली: हरकत आली तर मूळस्वराचं म्हणणं ग्राह्य, नमुन्यांतच खोट आहे असं सिद्ध झालं तरच अग्राह्य. वर्तमानपत्रांनी लिहिलं, की आता माणसांची मर्जी संपली. माझा फोटोही आला. फोटोत मी छाती काढून उभा आहे. तो फोटो आता मी कपाटात उलटा ठेवला आहे.

*

या निवडणुकीत अर्ज भरल्यानंतर एकच हरकत आली. नैर्ऋत्य किनाऱ्याच्या मतदारसंघातून ‘होडी’ आघाडीतर्फे उभ्या असलेल्या लीना लाफ्लेर यांनी समाजापुढे ‘हिंदू’ लिहिलं आहे. त्यांचे वडील गास्तों लाफ्लेर हे आफ्रिकी वंशाचे क्रेओल कोळी होते, चर्चमध्ये जात. सबब त्या सर्वसाधारण. हरकत घेणारा होता आमच्या कास्काव्हेलच्या मराठी मंडळाचा चिटणीस. मंडळाचे अध्यक्ष माझे वडील. चिटणीस त्यांना विचारल्याशिवाय पान हलवत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि लीना माझी सख्खी आतेबहीण.

सुंद्रीआत्या बाबांची धाकटी बहीण. एकावन्न वर्षांपूर्वी तिने गास्तोंशी लग्न केलं आणि ला गोलेत या समुद्रकाठच्या गावी राहायला गेली. आमच्या घरापासून बावीस किलोमीटर. बाबांनी त्या दिवशी फाटक लावलं ते तिच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. आजी वारली तेव्हा आत्या रस्त्यावर उभी राहिली आणि तिथूनच परत गेली. मी तेव्हा शाळेत होतो. खिडकीतून मी तिला पाहिलं होतं.

लीना प्रयोगशाळेत आली ती हसतच. चाळीस वर्षांची, उन्हाने रापलेली, कोळ्यांच्या सोसायटीची चिटणीस. खुर्चीत बसून तिने कानांवर यंत्र चढवलं.

"हेमदादा, यातून शॉक तर नाही ना बसणार?"

"शॉक कसला बसतो! फक्त हुंकार द्यायचा. मी चित्रं दाखवीन, त्याला हं म्हणायचं, उंहू म्हणायचं."

"म्हणजे नवऱ्यासमोर करते तसंच." ती मोठ्याने हसली. मग गंभीर झाली. "तुला सांगू? पक्षातले म्हणत होते, सर्वसाधारण लिही, कशाला भानगड? मी म्हटलं, बाबांचं नाव तर आडनावात आहेच. आईचं कुठं आहे? तिनं मला पाळण्यात झाकरी नाचाची गाणी म्हटली, चवथीला एकटीनं मातीचा गणपती केला, एकटीनं समुद्रात नेला. कुठंतरी एका सरकारी कागदावर तिचं काहीतरी असू दे, म्हणून लिहिलं हिंदू."

मी मान डोलावली आणि यंत्र सुरू केलं. वीस मिनिटं ती हुंकार देत होती. ते ऐकताना माझ्या मनात शंका नव्हती. सुंद्रीआत्या पुढ्यात बसून बोलतेय असंच वाटत होतं.

निकाल आला: सर्वसाधारण, चौऱ्याण्णव टक्के.

लीनाला मी म्हणालो, "निकाल थेट न्यायाधीशांकडे जातो, मला सांगता येत नाही." हे खरंही होतं. ती गेल्यावर मी दार लावलं आणि पेट्या उघडल्या. खरं तर उघडायची गरज नव्हती. नमुना क्रमांक एकशे सतरा कुठल्या पेटीत आहे हे मला माहीत होतं, कारण तो तिथे मीच ठेवला होता.

*

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. हिंदूंच्या पेटीसाठी मराठी घरांतले आवाज गोळा करत मी गावोगाव फिरत होतो. किनाऱ्यावरच्या मराठी बायका सापडेनात, तेव्हा मी आत्याकडे गेलो. आमच्या घरातलं माणूस बेचाळीस वर्षांनी तिच्या उंबऱ्यात आलं होतं. तिने मला बसवलं, आत गेली आणि हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. मी म्हटलं, "आत्या, फोटो नाही काढायचाय, नुसता आवाज घ्यायचाय." ती म्हणाली, "असू दे रे. आवाज झाला म्हणून काय उघडाच जाणार?" दोन तास ती बोलली आणि गायली. निघताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "म्हंजे माजा आवाज आपल्या मान्सांत ऱ्हाणार?" मी म्हटलं, "राहणार."

प्रयोगशाळेत शिक्के मारायला बसलो तेव्हा मंडळाचं पत्र आलं. मराठी समाजाने शास्त्राला आवाज दिले याचा मंडळाला अभिमान वाटतो, तरी एक्केचाळीस जणांची नावं पाठवावीत, गणेश चतुर्थीला सभागृहात वाचून दाखवू. आमच्याकडे ही रीत आहे. ज्याने नारळ दिला त्याचंही नाव अध्यक्ष स्वतः ध्वनिक्षेपकावर वाचतात आणि लोक टाळ्या वाजवतात. यादीत एक्केचाळिसावं नाव होतं ‘सुंदरी सखाराम गुणाजी-लाफ्लेर’. ते नाव बाबांना भरसभेत वाचावं लागलं असतं, किंवा गाळावं लागलं असतं आणि मग घरी येऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. त्या नजरेला मी पन्नाशीतही भीत होतो. ही लपवण्यासारखी गोष्ट नाही, लाज वाटण्यासारखी आहे.

नमुना काढून टाकला असता तरी चाललं असतं. पण सर्वसाधारणांच्या पेटीत एक आवाज कमी पडत होता. मी स्वतःलाच समजावलं: ती कोळ्याच्या घरात राहते, क्रेओल बोलते, बोलण्याला किनाऱ्याचं वळण आहे, शास्त्रीयदृष्ट्या हेही चालेल. शास्त्राचं नाव घेतलं की भित्रेपणालाही कोट-टाय चढतो. एका टिचकीने मी एकशे सतरा नंबरला दुसऱ्या पेटीत टाकलं, मंडळाला चाळीस नावं पाठवली आणि जेवायला गेलो. त्या चतुर्थीला टाळ्या वाजल्या, बाबा खूश होते.

चारशे बारांत एका आवाजाने काय बिघडतं? एरवी काहीच नाही. पण मराठी आईची लय आणि किनाऱ्याचं वळण एकत्र असलेला तेवढा एकच आवाज माझ्या सगळ्या पेट्यांत होता. त्यामुळे असा आवाज म्हणजे सर्वसाधारण, एवढंच यंत्र शिकलं. आणि नऊ वर्षांनी त्याच आवाजाची मुलगी त्याच्यासमोर येऊन बसली. यंत्राने तिच्या आईला बरोबर ओळखलं. शिक्का चुकीचा होता, आणि तो माझा होता.

*

सुनावणी पोर्ट लुईला झाली. न्यायाधीशबाई शांत आणि नेमक्या होत्या. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, "डॉक्टर गुणाजी उमेदवाराच्या मातोश्रींचे भाचे आहेत. दोन्ही पक्षांची याला हरकत?"

चिटणीस हसून म्हणाला, "नाही."

लीना उभी राहिली. "माझीही नाही. हेमदादा आहे म्हणूनच मी निर्धास्त आहे."

न्यायाधीशबाईंनी निकालपत्र वाचलं, चष्मा काढला आणि मला एकच प्रश्न विचारला. कायद्याने तेवढाच विचारायचा होता. "यंत्राला दिलेले नमुने योग्य पेट्यांत होते, हे तुम्ही शपथेवर सांगता?"

लीना माझ्याकडे बघत होती. मागच्या बाकावर बाबा नव्हते, ते घरी होते. तरी मला ते बसलेले दिसले. शिवाय आणखी एक गोष्ट होती आणि तीही सांगून टाकतो: नाही म्हटलं असतं तर मूळस्वर बंद पडलं असतं, आणि मूळस्वराशिवाय मी कोण होतो?

"होय, महोदया," मी म्हणालो.

लीनाच्या अर्जावर हिंदू खोडून सर्वसाधारण लिहिलं गेलं. बाहेर आल्यावर तिनेच माझी पाठ थोपटली. "जाऊ दे रे. समाज काय लिहिलाय त्यानं मतं थोडीच अडतात? मी सरळ निवडूनच येते बघ."

ती प्रचाराला लागली. उन्हातान्हात दारोदार फिरली. मतदान झालं, दुसऱ्या दिवशी शाळांच्या वर्गांत मोजणी झाली. तीन जागांच्या त्या मतदारसंघात लीना चौथी आली. तिसऱ्यापेक्षा दोनशे बारा मतं कमी.

मग आठ खुर्च्यांचं वाटप सुरू झालं. मी रेडिओजवळ बसून होतो आणि कागदावर स्वतःच आकडे मांडत होतो. सात खुर्च्या गेल्या. आठवी ‘होडी’ आघाडीच्या वाट्याला येत होती, आणि क्वचित होतं तसं त्या घडीला संख्येच्या मानाने कमी जागा हिंदूंना पडल्या होत्या. त्या आघाडीच्या हरलेल्या हिंदू उमेदवारांत सर्वाधिक मतं कुणाला? लीना हिंदू असती तर लीनाला, एक्केचाळीस टक्के. पण ती हिंदू नव्हती. खुर्ची गेली उत्तरेकडच्या एका वकिलाला, अडतीस टक्क्यांवर. सर्वसाधारणांचा वाटा आधीच भरला होता. दोन्हीकडून तिला काही उरलं नाही.

मी कागद फाडून टाकला. तरी आकडे डोक्यात राहिलेच.

*

तीन आठवड्यांनी लीनाचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

"हेमदादा, खुर्चीचं सोड, पुढच्या खेपेला बघू. पण आईचं जरा कसंसंच झालंय. सकाळी गाणं म्हणायची ना, ते बंद केलंय. मला म्हणाली, ‘तू पोटात असताना येवढं गायले, पन तुज्यापातूर पोचलंच नाय की गो. माजंच मराठी दर्यात बुडालं असेल.’ तू तिला समजावशील का? यंत्र म्हणजे काय, टक्के म्हणजे काय... तू सांगितलंस तर ऐकेल. तुझ्यावर तिचा फार विश्वास आहे."

मी फोन ठेवला. खुर्ची जाते, पुन्हा मिळते. पण एका म्हातारीला मी सरकारी शिक्क्यानिशी कळवलं होतं, की तुझा आवाज तुझ्या लेकराला ऐकूच गेला नाही. आणि खरं काय होतं? खरं असं होतं, की तो आवाज इतका स्वच्छ पोचला होता की यंत्राने चौऱ्याण्णव टक्के खात्रीने ओळखला होता.

दुसऱ्या दिवशी मी न्यायाधीशबाईंच्या कचेरीत प्रतिज्ञापत्र दिलं. सगळं लिहिलं: एकशे सतरा, चाळीस नावं, खोटी शपथ. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"सभा घटित झाली आहे," त्या म्हणाल्या. "सत्तरही सभासदांचा शपथविधी झाला, सभापती निवडले गेले. वाटप झालेली खुर्ची काढून घेण्याची तरतूद कायद्यात नाही. यंत्र आजपासून बंद राहील. तुमच्यावर खटला भरायचा की नाही ते पुढे ठरेल."

"लीनाचं काय?"

"पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आहे," त्या म्हणाल्या आणि पुढची फाइल उघडली.

तिथून मी गाडी थेट ला गोलेतला काढली. दुपारची जेवणाची वेळ होती. आत्याने मला पाहिलं आणि हळद-मोहरी घातलेल्या माशांचं पातेलं पुढे ओढलं. "बस. आधी जेव."

"आत्या, आधी सांगतो. मग वाढायचं की नाही ते तू ठरव."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. लीना दारात होती. ऐकता ऐकता ती खाली उंबऱ्यावर बसली. मी बोलायचा थांबलो तेव्हा आत्याने एकच विचारलं, "म्हंजे पोचलं होतं?"

"सगळं पोचलं होतं. यंत्रानं तुलाच ओळखलं. मीच तुला भलत्या पेटीत टाकलं होतं."

आत्याने लीनाकडे पाहिलं. मग डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. त्या नजरेत राग होता आणि मला तो हवाच होता.

"जजबाईला सांगितलंस?"

"सांगितलं. लेखी."

"ती परकी. परक्याला सांगायला काय लागतं रे? भाऊला सांग."

मी पातेल्याकडे बघू लागलो.

"नऊ वर्सांमागं भाऊच्या भ्यानं माजं नाव खाल्लंस. आता भाऊच्या तोंडावर सांग. लीना, गाडी काढ. मी पन येते. आत नाय येणार, भायेरच बसंन."

*

बाबा व्हरांड्यात भाजी निवडत बसले होते. वय अठ्ठ्याऐंशी, पण पाठ अजून ताठ. गाडी फाटकाबाहेर उभी होती. तिथून व्हरांडा दिसतो, पण बोलणं ऐकू येत नाही. मी त्यांच्या समोरच्या पायरीवर बसलो आणि लहानपणी मार्कं सांगायचो तसं भडाभडा सांगून टाकलं. आत्याचा आवाज मी आणला होता. यादीतलं नाव मी गाळलं होतं. शिक्का मी मारला होता. त्या शिक्क्यापायी लीनाची खुर्ची गेली.

बाबांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. ओरडतील, रडतील, निदान मंडळाला काळिमा फासला म्हणतील. मी सगळ्याची तयारी ठेवली होती.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वी? कुणी न सांगता?"

"हो."

"मला वाटायचं, तू शिकलास आणि आमच्यातून गेलास. घराण्याची चाड एकट्या मलाच आहे." त्यांनी भाजीचा हात धोतराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "शाबास. माझं पोर आहेस खरं."

बाबांनी उभ्या आयुष्यात मला शाबासकी दिली नव्हती. डॉक्टरेट मिळाली तेव्हा नाही, वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा नाही. लहानपणापासून मी त्या हाताची वाट पाहत होतो. तो आता डोक्यावर होता आणि मला तो झटकता आला नाही. उलट, सांगायला जीभ रेटत नाही, पण क्षणभर बरंही वाटलं.

बाबा पुन्हा भाजी निवडू लागले. मी उठलो आणि फाटकाकडे गेलो.

आत्याने गाडीची काच खाली केली. "हात ठेवला डोक्यावर. मी पायलं. काय म्हनाला?"

खोटं सांगता आलं असतं. रडले म्हणून सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण आता माझ्याने ते होईना.

"शाबास म्हणाले."

लीनाने तोंड फिरवलं. आत्या मात्र माझ्याकडेच बघत राहिली.

"आनि तू काय म्हनालास?"

"मी?"

"तो शाबास म्हनाला. त्यावर तू काय म्हनालास?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. मी नुसता उभा राहिलो आणि ते तिला कळलं.

आत्याने गाडीचं दार उघडलं, दोन्ही पाय खाली ठेवले आणि लुगडं सारखं केलं. फाटकाची कडी तिने स्वतःच काढली. वय एकोणऐंशी, पुढे तीन पायऱ्या. हात धरायला मी पुढे झालो. तिने हात दिला नाही.